कोपऱ्यातली हातभर जागा

गारा संपला तेव्हा कोपऱ्यातली हातभर जागा राहिली होती. मागच्या अंगणाची भिंत आम्ही नवरा-बायको सकाळपासून सारवत होतो. पाऊस सरला की दरवर्षीचं हे काम. पिवळी माती, शेण आणि तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, भुगा टाकून मी पायांनी गारा तुडवायचा, घमेलं भरून तिच्या डाव्या अंगाला ठेवायचं, आणि तिने पदर खोचून भिंतीवर हात फिरवायचा. लग्न झालं तेव्हापासून हीच वाटणी. मी कधी भिंतीला हात लावला नाही, तिने कधी गाऱ्यात पाय घातला नाही.

त्या दिवशीही ती नेहमीसारखीच बोलत होती. म्हणजे रागवत होती. गारा पातळ झाला म्हणे. "पायात जोर नाई राह्यला का तुमच्या?"

मी म्हटलं, "तुया हातात राह्यला का?"

"भिंत पाहा अन् सांगा."

मी काही पाहिली नाही. भिंत काय पाहायची? दरवर्षी तशीच असते.

कोपऱ्याशी आलो तर घमेल्यात तळाशी बोटभर गारा उरलेला. मी आणखी तुडवतो म्हटलं. ती म्हणाली, "राहू द्या आता. उद्या सकाळी कोन्याचं तेवढं करून टाकू." काम पुरं झालं की ती घमेलं धुवून भिंतीला उलटं टेकवून ठेवायची. काम अर्धं असलं की सुलटं. तिचा नियमच होता तो. उलटं घमेलं म्हणजे आता मला कोणी हाक मारू नका. त्या दिवशी घमेलं सुलटं राहिलं.

जेवलो. वरण, भात अन् बरबटीची भाजी. ती आडवी झाली. दुपार कलली तसा मी चहा मांडला आणि हाक मारली. मग दुसरी मारली. तिसरी मारली नाही.

बाकीचं सगळ्यांच्या घरी होते तसंच झालं. ते लिहीत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण माझी नात जबलपूरला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. तिला तिच्या मास्तराने काम दिलं होतं, की मोबाइलमधून पाहून काही काढायचं नाही, घरच्या रोजच्या जगण्यातून एक चित्र करून आणायचं, आणि ते कसं झालं हे सोबत लिहून द्यायचं. चित्र झालं. मग ती म्हणाली, आबा, अर्धं चित्र तुमचं आहे, तर लिहा तुम्हीच. मी म्हटलं, लिहीन तर मराठीत लिहीन, तुझ्या मास्तरासाठी हिंदी तू करून घे. म्हणून हे लिहितोय. मास्तरांनी चुका पाहू नयेत.

तिचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नातला एक होता, तो उधईने खाल्ला. मग मुलाने आधार कार्डावरचा फोटो बालाघाटच्या बाजारातून मोठा करून आणला आणि पुढच्या खोलीत हार घालून लावला. त्या फोटोत ती अशी दिसते की कोणीतरी तिला चोरी करताना धरलं आहे. डोळे फाटलेले, ओठ घट्ट. भेटायला येणारे लोक त्या फोटोच्या पाया पडत. मी त्या खोलीत बसायचंच सोडलं. मागच्या अंगणात खाट टाकली.

पुढचं घर मुलाने विटा-सिमेंटचं केलं आहे. तो वारासिवनीला धानाच्या मिलमध्ये कामाला जातो. मागची भिंत तेवढी मातीची राहिली, कारण तिने हात लावू दिला नाही. सिमेंटला काय सारवायचं, म्हणायची, ते तर मेलेलंच असते.

ती गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळची गोष्ट. खाटेवर बसलो होतो. ऊन नुकतंच निघालं होतं. आमच्याकडे सकाळचं ऊन त्या भिंतीला आडवं घासून जाते. भिंत वाळून फिकी झाली होती आणि तिच्या बोटांच्या रेषा वर आल्या होत्या. अर्धे गोल, एकाला लागून एक, पंखे उघडून ठेवल्यासारखे. प्रत्येक रेषेला सावली होती. ऊन चढत गेलं तशी सावली सरकत गेली, आणि मला दिसलं की हात फिरतोय. खालून वर. खालून वर.

मी भूतबित मानत नाही. बैहरच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामाला मुक्कामाने राहिलेला माणूस आहे, काय काय आवाज ऐकले, कधी घाबरलो नाही. पण त्या सकाळी माझे पाय गार पडले. सर्र, सर्र असा आवाजही आला. ओल्या भिंतीवर हात फिरतो तेव्हा येतो तसा. मी उठून पळालो नाही. बसून राहिलो. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, सावल्या मेल्या. भिंत सपाट झाली, कोणाचीच नसलेली. ती दुपारीच गेली होती. रोज दुपारी ती पुन्हा जायची.

मग मी रोज उजाडायच्या आधी खाटेवर बसायला लागलो. भिंतीकडे पाठ करायची हिंमत होत नव्हती. भीती नव्हे ती. पाठ केली आणि तेवढ्यात हात थांबला तर?

नात जबलपूरहून आली ती रडूनच सुजलेली. आजीने वाढवलेली पोरगी आहे. दोन दिवस आतल्या खोलीतच पडून होती. मग एक दिवस सकाळी माझ्या खाटेवर येऊन बसली आणि विचारलं, आबा, रोज काय पाहता?

मी सरळ सांगितलं. "तुयी आजी भिंत सारवून राह्यली."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हौ."

माझ्या बोलण्याला कोणी लगेच हो म्हटलं की मला ते तोंडदेखलं वाटते आणि राग येतो, अशी माझी जात. पण त्या दिवशी नाही आला.

आता बाईबद्दल सांगायला पाहिजे. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. राजेगावच्या बाजूला दिलेली. तिचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली. कोणाच्या घरी मयत झाली की बाई सगळ्यात आधी येते आणि सगळं झाल्यावर जाते. कोणता विधी कधी, कोणी कुठे बसायचं, सगळं तिच्या तोंडात. आल्या दिवशीच तिने सुनेला सांगून ठेवलं की तेरवीच्या आधी घर सारवून घ्यायचं. सुतक काढायला लागते. पुढचं घर फिनाईलने पुसलं की झालं, तिथे सारवायला काही नाहीच. पण मागची भिंत मातीची आहे, तिच्यावर नवा हात फिरलाच पाहिजे.

मी म्हटलं, ही भिंत आत्ताच सारवली आहे. ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी.

बाई म्हणाली, "म्हणूनच तर. मेलेल्या माणसाचा हात वर राह्यला तर जीव घरातच अडकते. पुढे जात नाई."

अडकू दे, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही. पण बाईने ओळखलं. लहानपणापासून ती माझ्या मनातलं वाचते आणि वरून टोमणा मारते. म्हणाली, "तुले काय, तू तर खाटेवर बसूनच राह्यला. तिले तिकडे वाटेत उभी ठेवशील."

त्यानंतर मी कोणाला भिंतीजवळ येऊ दिलं नाही. सुनेने माती आणून टाकली तर मी ती उचलून परसात फेकली. सून गरीब आहे. फक्त एवढंच म्हणाली, "मामाजी, लोकं काय म्हणतीन?" मुलाने तोंड फिरवलं. सुलटं घमेलं कोपऱ्याशी तसंच पडलं होतं, तळाचा गारा वाळून तडकला होता. त्यालाही मी हात लावू दिला नाही.

नातीला सगळं दिसत होतं. तिने आपल्या झोळीतून कागद आणि कोळशाच्या काड्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. तिच्या कॉलेजचं चित्र आजीचं करायचं तिने ठरवलं होतं, आजी चुलीपुढे बसलेली. आता समोर बसायला आजी नव्हती. म्हणाली, आबा, तुम्हीच काढा, मेरे से नहीं हो रहा.

मी चेहरा काढायला घेतला. आयुष्यभर पाहिलेला चेहरा आहे, म्हटलं येईल. नाक आलं तर डोळे वर गेले, डोळे खाली आणले तर कपाळ नांगरलेल्या शेतासारखं झालं. बाई मागून आली, वाकून पाहिलं. "हे कोन होय? मारबत काय?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातून हाकलून लावतात ती बाहुली म्हणजे मारबत. कोणी हसलं नाही. मग बाईला कळलं की मी कोणाला काढत होतो. ती आत गेली आणि आतून खूप वेळ भांडी घासायचा आवाज आला.

नात म्हणाली, चेहरा सोडा. "जो है, उसी में से निकालो आबा." आणि तिने एक पातळ कागद भिंतीला लावला, मिठाईवाल्याकडे असतो तसला, आणि काडी आडवी धरून वरून हळू फिरवली. मला लगेच समजलं. शाळेत असताना आम्ही चवन्नीवर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, चवन्नी कागदावर यायची. तेच हे. कागदावर एक पंखा उघडला.

मी तिच्या हातातून काडी घेतली. आणि पहिल्याच घासात कागद फाडला. भिंतीचाही थोडा चुरा पडला. दुसरा घेतला, तोही फाटला. "दबाना नहीं आबा," ती म्हणाली. "कागद को पता भी नहीं चलना चाहिए."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी आयुष्यभर तुडवायचंच काम केलं. माती तुडवली, धान तुडवलं, घरात शब्दही तुडवूनच बोललो. हलका हात कसा असतो ते माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. वरून माझा हात कापतो. म्हातारपण. पण नात मास्तरीण मोठी कडक. कागद फाटला की दुसरा द्यायची आणि पुन्हा करा म्हणायची. मी तिच्यापुढे पोरासारखा उभा. कोळशाने तोंड काळं झालं होतं, हे मला सुनेच्या हसण्यावरून कळलं. मयतीच्या घरात ते पहिलं हसणं.

हळूहळू जमलं. कागद आता फाटत नव्हता. एक आला, दुसरा आला. मग नातीने मला एका कागदावर बोट ठेवून दाखवलं. आबा, हे पाहा, हर जगह ऐसा है. प्रत्येक पंख्यात दोन रेषा खोल, मग एका रेषेची जागा रिकामी, मग कडेला एक बारीक रेघ. कुठेही पाहा, तेच. काडी नीट लागली नसेल, मी म्हटलं.

मग आठवलं. करंगळीच्या शेजारचं बोट. धान कापताना विळा लागला होता, शिरेतून. पोरगा अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. बोट आत वळलं ते वळलंच. भिंतीवर ते टेकायचंच नाही.

इतकी वर्षं ती भिंत सारवत होती आणि तिच्या प्रत्येक हातात ती रिकामी रेघ होती. मी दरवर्षी घमेलं ठेवायला तिथेच उभा असायचो. "भिंत पाहा अन् सांगा," असं ती म्हणाली होती. आता पाहिली. आता कोणाला सांगू?

चित्र करणं म्हणजे काय हे नातीच्या मास्तरांनी विचारलं आहे. मला काय माहीत असणार. मला एवढंच कळलं की जे रोज समोर असते ते दिसत नाही, आणि कागद मधे धरला की दिसते. असं का होते ते मास्तरांना ठाऊक असेल.

पण माझं मन भरेना. कागदावर रेषा येत होत्या, भिंत येत नव्हती. तिची जाडी, तिचा वास, काही नाही. तेरवी जवळ येत चालली होती, बाई रोज भिंतीकडे आणि मग माझ्याकडे पाहत होती. नात कागद आणायला बाजारात गेली होती. तेव्हा माझ्या डोक्यात एक आलं. ओला बारदाना सारवलेल्या जमिनीवर पडला की त्याची वीण जमिनीत उमटते, हे कोणीही पाहिलेलं असते. मी म्हटलं, मग उलटं काहून होणार नाही? कपडा ओला करून भिंतीवर दाबला तर भिंत कपड्यात उमटेल.

तिचं एक जुनं सुती लुगडं होतं, अंजिरी रंगाचं, धुऊन धुऊन पांढुरकं झालेलं. ते पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि भिंतीच्या मधोमध, जिथे तिचा हात सगळ्यात सुंदर फिरला होता, तिथे लावलं. दोन्ही तळव्यांनी दाबलं. चांगलं दाबलं. नातीने शिकवलेलं सगळं विसरलो. मग खाटेवर बसून वाळू दिलं. लुगडं भिंतीवर होतं, वाऱ्याने त्याचा काठ हलत होता, आणि मला वाटलं की ती भिंतीला टेकून उभी आहे, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार होतो. खरं सांगतो, तोंड उघडलं होतं.

मग उठून मी लुगडं ओढलं.

लुगड्यासोबत भिंत आली. सुपाएवढा पोपडा, जाडजूड, निघून माझ्या पायावर पडला आणि फुटला. भिंतीत खड्डा पडला. जिथे तिचा सगळ्यात चांगला हात होता तिथेच. मी तिथेच खाली बसलो. आवाज ऐकून बाई आणि सून धावत आल्या. मला वाटलं की आता बाई बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. तिने चांगलं झोडपून काढावं.

बाई माझ्याकडे पाहतच नव्हती. ती खड्ड्यात पाहत होती. आत पांढरं दिसत होतं. जुन्या काळी आमच्या घरी सारवणावर छुई फिरवायचे. छुई म्हणजे पांढरी माती, बैहरकडच्या बाया टोपल्यात घेऊन विकायला यायच्या. छुईवर नवा गारा नीट धरत नाही, म्हणून तिथूनच पोपडा सुटला. त्या पांढऱ्यावर बोटांच्या रेषा होत्या. पण पंखे नव्हते. सरळ, वरून खाली, एकीला लागून एक.

बाईने हात पुढे केला आणि चार बोटं त्या रेषांवर ठेवली. "हा तं मायचा हात हाय."

आमची आई असाच हात फिरवायची, हे बाईने सांगितल्यावर मलाही आठवलं. आई गेली तेव्हा माझं लग्न होऊन थोडाच काळ झाला होता.

बाई तिथेच, मातीच्या चुऱ्यात, माझ्याशेजारी बसली. तिला खाली बसायला त्रास होतो, सुनेने धरलं. म्हणाली, "मायच्या तेरवीच्या आधी तुयी बायको अशीच ह्या भिंतीपाशी उभी होती. गारा हातात. लावेच ना. मले म्हणे, बाई, कसा फिरवू हात, सासूबाईचा हात झाकला जाईन. रडून राह्यली होती."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, झाक. झाकल्यानं जात नाई काही. आत राह्यते." मग म्हणाली, "गारा तूच तुडवून देल्ता. ध्यानात नाई का तुले?"

मला खरंच आठवत नव्हतं. गारा तुडवला असेल, घमेलं तिच्या डाव्या अंगाला ठेवलं असेल, आणि बिडी ओढायला गेलो असेन. ती तिथे रडत उभी होती हे मी पाहिलंच नव्हतं.

मी पायावरचा पोपड्याचा तुकडा उचलला. त्याच्या मोडलेल्या कडेला थर दिसत होते. पिवळा, काळपट, पुन्हा पिवळा. एखाद्या साली तळ्याची माती आणली होती, एखाद्या साली शेण जास्त झालं होतं. दरवर्षीचा एक थर. आणि प्रत्येक थराच्या वर तिचा हात फिरलेला, आणि दुसऱ्या वर्षी तिनेच तो झाकलेला. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मला आत्तापर्यंत वाटत होतं की तिचा हात वर आहे, पातळ सालीसारखा, आणि तो गेला की सगळं गेलं. ही तर भिंतच सगळी हातांची होती. आत हातच हात, एकावर एक, तरुणपणापासूनचे. बोट चांगलं असतानाचेही कुठेतरी आत असतील.

हे समजून बरं वाटलं असं नाही. उलट त्या दिवशी मला भिंतीची पहिल्यांदा खरी भीती वाटली. इतके हात, आणि मी त्यातला एकही पाहिला नव्हता.

नात परत आली. खड्डा पाहून ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली ते वेगळ्याच गोष्टीवर. बाईचा पाय फुटलेल्या पोपड्यावर होता. तिला म्हणाली, मोठ्या आजी, पाय मत रखो उसपे. आणि आम्ही दोघांनी, आजा-नातीने, राहिलेल्या सगळ्या भिंतीवर कागद लावला. खड्ड्याच्या आतल्या आईच्या रेषांवरही लावला. तो कागद मी घासला. माझा हात कापत होता, त्यामुळे आईच्या सरळ रेषा कागदावर थरथरत आल्या. मी तो टाकून दुसरा मागितला. तिने दिला नाही. तसाच ठेवायचा म्हणाली. कोपऱ्यातल्या न सारवलेल्या जागेवरही तिने कागद लावायला सांगितला. मी म्हटलं, तिथे काय आहे? काहीच नाही तिथे. ती म्हणाली, "वही तो."

त्या जागेचा कागद जवळजवळ कोरा आला. मागल्या वर्षीच्या झिजलेल्या सारवणाचे चार काळे ठिपके फक्त.

उतरत्या उन्हात तिने सगळे कागद एकमेकांना चिकटवून अंगणातल्या दोरीवर टाकले. भिंतीएवढंच मोठं झालं ते. मधे आईचा हात, भोवती तिचा, आणि टोकाला तो कोरा तुकडा. सूनही येऊन उभी राहिली, मुलगा मिलमधून येऊन सायकल हातात धरूनच थांबला. वैनगंगेकडून वारा आला. कागद फुगला आणि बसला, पुन्हा फुगला. पंखे उघडायला आणि मिटायला लागले. भर उजेडात, सगळ्यांसमोर, हात फिरत होता. यावेळी मी एकटा पाहत नव्हतो. बाईने पदर तोंडात धरला. मुलगा म्हणाला, "आई." एवढंच.

मला ते जास्त वेळ पाहवलं नाही. मी उठून आत गेलो आणि आधार कार्डाच्या फोटोपुढे बसलो. तिथे मला कोणीच दिसलं नाही, ते बरं वाटलं.

तेरवीला मधे अजून एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडायच्या आत उठलो. खाटेवर बसलो नाही. परसात फेकलेली माती गोळा करून आणली. फुटलेल्या पोपड्याचे तुकडे त्यातच टाकून भिजवले. गोठ्यातून शेण आणलं, तणस बारीक करून टाकलं आणि धोतर वर खोचून तुडवायला लागलो. यावेळी पातळ होऊ दिला नाही. सून उठून आली तेव्हा गारा तयार होता. घमेल्यातला वाळलेला तळ मी पाण्याने सोडवला, तोही गाऱ्यात मिसळला, घमेलं भरलं आणि सुनेच्या डाव्या अंगाला ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झाक."

ऊन नुकतंच निघत होतं. सावल्या वर आल्या होत्या. सुनेने खड्ड्यापासून सुरुवात केली. तिचा हात आडवा जातो, डावीकडून उजवीकडे. मी उभा राहून पाहत होतो. बिडी ओढायला गेलो नाही.

कोपऱ्याशी आल्यावर मी तिला थांबवलं. आमच्याकडे गडीमाणूस भिंत सारवत नाही. मी दोन्ही हात गाऱ्यात घातले आणि ती हातभर जागा भरायला घेतली. बाई ओट्यावरून म्हणाली, "काय रे, भाकर थापून राह्यला का?" मी थापतच राहिलो. हात कापत होता, त्याला कापू दिलं. पंखे काही आले नाहीत. जे यायचं ते आलं.

मग घमेलं धुतलं, भिंतीला उलटं टेकवलं आणि पाय धुवायला गेलो.